मामावर आलेला दात

वयाच्या बहात्तराव्या वर्षी रंगराव शेवाळ्यांना दात आला.

दात येणं ही तशी आनंदाची गोष्ट. बाळाला आला तर आपण त्यावर चमचा वाजवून बघतो, शेजारणीला बोलावून दाखवतो. पण कराडातल्या त्या घरात मंगळवारी सकाळी वेगळंच झालं. रंगरावांच्या बायकोने, शालनताईंनी, चष्मा लावून नवऱ्याच्या तोंडात बॅटरी मारली, दोनदा खात्री करून घेतली आणि त्या मटकन खाली बसल्या.

"अहो, वरचा आलाय की आधी," त्या म्हणाल्या. "आता मामांचं कसं व्हायचं?"

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. बाळाला आधी खालचा दात यावा, अशी जुन्या माणसांची अपेक्षा असते. बहुतेक बाळं ती पाळतात. एखाद्याचा वरचा दात आधी आला, की तो मामावर येतो, म्हणजे मामाच्या जिवाला भारी पडतो असं मानतात. पोर सहा महिन्यांचं असतं, मामा पंचवीस-तीस वर्षांचा गडी असतो. तो हसत हसत उतारा करतो आणि विषय मिटतो. पण या रिवाजात भाच्याच्या वयाची अट कुणी घातलेली नव्हती. बहात्तराव्या वर्षी कुणाला दात येईल असं जुन्या माणसांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि रंगरावांचे मामा हयात होते.

नुसते हयात नव्हते, भाच्यापेक्षा दीड वर्षाने लहान होते. मायलेकींची बाळंतपणं पुढेमागे होण्याचा तो काळ. रंगरावांची आई बाळंतपणात आजारी पडली तेव्हा आजीनेच नातवाला सांभाळलं, आणि पुढे तिला स्वतःला सर्जेराव झाला तेव्हा तिच्या एका मांडीवर मुलगा आणि दुसरीवर नातू अशी दोघांची वाढ झाली. तरी नातं ते नातं. रंगराव जन्मभर आपल्यापेक्षा लहान माणसाला 'अहो मामा' म्हणत आले, दर दिवाळीला त्याच्या पाया पडत आले. शाळेत असताना मामा हक्काने भाच्याची पाटी पळवायचा आणि वर आशीर्वाद द्यायचा.

मोठेपणी रंगराव कबड्डीत चढाईला नाव कमावून बसले आणि मामा झाले पंच. सर्जेराव थोरातांनी चाळीस वर्षं पंचगिरी केली आणि दिलेला निकाल एकदाही फिरवला नाही. सख्ख्या भाच्याला त्यांनी तीनदा बाद दिलं होतं. त्यातलं मसूरच्या मैदानावरचं बाद रंगरावांना पंचेचाळीस वर्षांनंतरही मान्य नव्हतं. मामांच्या गळ्यात शिट्टी अजून असायची, पण सहा महिन्यांपासून ती वाजत नव्हती. हृदयाची झडप अरुंद झाली होती. दोन पायऱ्या चढले की मामांना धाप लागे, आणि शिट्टीत फुंकलं तर नुसतं 'फुस्स' होई. महिनाअखेरच्या अठ्ठावीस तारखेला झडप बदलायची शस्त्रक्रिया ठरली होती. त्याहून पुढे ढकलणं धोक्याचं आहे, असं डॉक्टरांनी मामींना बाजूला घेऊन बजावलं होतं.

अशा महिन्यात हा दात.

दात आला कसा, तेही ऐकायला हवं. रंगरावांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. उसात साखर किती हे यंत्र सांगायचं, पण रंगराव आधी कांडं दाताने सोलून एक चावा घ्यायचे, मनात आकडा धरायचे आणि मग यंत्राकडे बघायचे. दहातून नऊ वेळा यंत्र त्यांच्याशी सहमत व्हायचं. पासष्टीपर्यंत या कामाने आणि हिरड्यांच्या दुखण्याने दात संपले आणि कवळी आली. कवळीने ऊस सोलता येत नाही. भाचीच्या लग्नात मंगलाष्टकाच्या शेवटी 'सावधान' म्हणताना रंगरावांनी जरा जास्त जोर लावला आणि कवळी अक्षतांबरोबर नवरदेवाच्या अंगावर गेली. नवरदेवाने ती आहेर समजून घट्ट धरून ठेवली. त्या दिवसापासून रंगरावांनी कवळी लावली नाही, आणि 'तिसरे दात' निघाल्याची बातमी वाचली तेव्हा नंबर लावणाऱ्या पहिल्या चार माणसांत ते होते.

ही २०४१ सालची गोष्ट आहे, त्यामुळे इंजेक्शन आता तालुक्याच्या गावी मिळत होतं. डॉ. अस्मा मुजावर यांनी त्यामागचं शास्त्र त्यांना सोपं करून सांगितलं होतं. माणसाच्या जबड्यात दातांच्या दोन पिढ्या उगवतात, दुधाची आणि कायमची. तिसऱ्या पिढीचंही थोडं बी तिथे असतं, पण शरीरातलं एक प्रथिन त्याला दाबून ठेवतं. गाडीचा हातब्रेक ओढलेला असावा तसं. इंजेक्शन नवीन दात बनवत नाही, ते फक्त हा ब्रेक सोडतं. बी जागं होतं, त्याला मूळ फुटतं आणि सात-आठ महिन्यांत दात हिरडीतून डोकं काढतो.

"फक्त एक अडचण आहे काका," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "लहान मुलात दुधाचा दात पुढच्या दातासाठी जागा राखून ठेवतो, त्याला वाट दाखवतो. तुमच्या तोंडात वाट दाखवणारं कुणी उरलेलं नाही. जबड्याचं हाडही झिजलंय. नवीन दात कुठून कसा निघेल ते मी आज सांगू शकत नाही."

त्यामुळे त्यांच्या दवाखान्याचा बाहेरचा बाक हे बघण्यासारखं ठिकाण झालं होतं. अर्धी दहा-बारा वर्षांची मुलं आणि अर्धे सत्तरीचे म्हातारे, दोघांच्याही दातांना तारा. एक माजी पहिलवान आणि एक चौथीतली मुलगी तारेवरच्या रबरी कड्यांचे रंग ताडून बघत बसत. डॉक्टर दार उघडं ठेवूनच बोलत, म्हणून आत काय चाललंय ते बाकाला पाठ झालेलं असे. सहा वर्षांच्या मुलीच्या दुधाच्या दातांतल्या फटी बुजवून द्या म्हणणाऱ्या आईला त्या सांगत की त्या फटी मोठ्या दातांसाठी राखलेल्या जागा आहेत, हात लावायचा नाही, सातव्या वर्षी एकदा दाखवायला आणा. समोरचा दात किंचित तिरका आहे म्हणून तार मागणाऱ्या निवृत्त तलाठ्याला त्यांनी परत पाठवलं होतं. पण ज्याचे खालचे दात मिटताना टाळूला टोचत होते, ज्याच्या वरच्या-खालच्या दाढा उलट्या बसल्यामुळे जबडा एका अंगाला सरकत होता, ज्याला समोरचे दात मिटतच नसल्यामुळे भाकरीचा घास तोडता येत नव्हता, त्यांना त्यांनी लगेच खुर्चीत बसवलं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं.

"वाकडा असणं हा दाताचा गुन्हा नाही. त्याने दुसऱ्याला इजा करायला सुरुवात केली, की मग उपचार."

रंगरावांना हे वाक्य पटलं होतं. कारखान्यातल्या माणसांबद्दलही त्यांचं साधारण हेच मत होतं.

ब्रेक सुटल्यावर घरात जे झालं ते शालनताई जन्मात विसरणार नाहीत. दोन मुलांचे दात त्यांनी निभावले होते, आता नवऱ्याचे आले. बहात्तर वर्षांचा माणूस लाळ गाळायचा, रात्री किरकिर करायचा आणि दिसेल ती वस्तू चावायचा. टीव्हीच्या रिमोटची बटणं गेली. शालनताईंनी शेवटी गाजरं फ्रीजमध्ये गार करून त्यांच्या हातात द्यायला सुरुवात केली. दर रविवारी दवाखान्याने दिलेली पट्टी तोंडात धरून आतल्या छब्या काढायच्या आणि मोबाईलवरून पाठवायच्या असा नियम होता. छब्या तपासणाऱ्या यंत्राचं नाव दंतदूत. ते बाईच्या आवाजात, शुद्ध पुणेरी सुरात बोलायचं, त्यामुळे त्याचं कौतुकसुद्धा बोलणी खाल्ल्यासारखं वाटायचं.

त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दंतदूत म्हणाला, "जिभेखाली अन्नाचा कण अडकलेला आहे. बहुधा ज्वारी. कृपया नीट घासा."

आदल्या दिवशी दोघं मळ्यात हुरडा खाऊन आली होती, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. रंगरावांनी घासलं. पुढच्या रविवारी दंतदूत म्हणाला, कण अजून तिथेच आहे. शालनताईंनी काडी घेऊन कोरून बघितलं, रंगराव ओरडले, आणि दात कोरून पोट भरत नाही म्हणतात पण ह्यांचा हुरडा आठवडाभर पुरतोय, असं म्हणत त्यांनी काडी टाकून दिली. त्यानंतर दोनच दिवसांनी, मंगळवारी, वरचा दात दिसला, त्याची छबी दवाखान्याला गेली आणि त्या कणाकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

बातमी लपवायची असं नवराबायकोचं ठरलं होतं. पण शालनताईंनी ती फक्त हौसामामींना सांगितली, आणि हौसामामींनी फक्त मामांना. संध्याकाळी रंगराव मामांकडे गेले तर मामा पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

"तोंड मीट आधी," मामा म्हणाले.

रंगरावांनी तोंडावर रुमाल धरला आणि आजकालच्या काळात असं काही धरून बसू नये, दात औषधाने आलाय, वगैरे चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"पयल्या खेपंला तुला दात आला तवा मी जन्माला यायचा हुतो, म्हणून सुटलो," ते म्हणाले. "आता बरोब्बर गावलो. आपरेशन रद्द. त्या टेबलावर मी झोपलो तर उठायचा न्हाई."

रंगरावांना आधी हसू आलं, मग मामींचे डोळे दिसले आणि हसू जिरलं. मामी त्यांना स्वैपाकघरात घेऊन गेल्या आणि पदर तोंडाला लावून बोलल्या. माणूस आधीच शस्त्रक्रियेला घाबरलेला, त्यात हे निमित्त. कागदावर सही करत नाहीत, दवाखान्यात यायला तयार नाहीत, आणि अठ्ठावीस तारीख अठरा दिवसांवर आली आहे. मग उतारा करून टाकू, रंगराव म्हणाले, चांदीची वाटी मी आणतो. त्यावर मामी अधिकच रडायला लागल्या.

कारण थोरातांच्या घरचा उतारा असा होता: मामाने भाच्याला मांडीवर घ्यायचं आणि चांदीच्या वाटीतून दहीभाताचे तीन घास भरवायचे. भाच्याचं वजन चौऱ्याऐंशी किलो होतं. मामांना डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलायला मनाई केली होती. म्हणजे मांडीवर घ्यायला झडप बदलायला हवी, आणि झडप बदलायला आधी मांडीवर घ्यायला हवं.

रंगरावांनी तडजोडी सुचवल्या. नुसतं डोकं मांडीवर टेकवतो. मामांचं उत्तर, डोकं टेकणं म्हणजे मांडीवर घेणं नव्हे. माझ्याऐवजी नातवाला बसवू. बदली खेळाडू चालत नाही. अर्धवट बसतो, भार माझ्या पायांवर ठेवतो. मामांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच हात हलवला. चाळीस वर्षांत नियम वाकवला नव्हता, तो आता स्वतःच्या जिवासाठी वाकवतील ही आशाच फोल होती.

घरी येताना रंगराव पाराजवळ थांबले. त्यांना मामांचा फार राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. या माणसाशिवाय आपण कधी राहिलेलोच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. वरच्या हिरडीतून आलेल्या त्या टोकदार कणीवरून त्यांनी जीभ फिरवली. सात महिने वाट बघून आलेला दात. ऊस सोलायला समोरचाच दात लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच ते पायरीवर जाऊन बसले.

"हा काढून टाका," ते डॉ. मुजावरांना म्हणाले.

डॉक्टरांनी कारण विचारलं. रंगरावांनी सांगितलं. डॉक्टरांनी हसू आवरलं, कारण त्यांचे वडील मुजावर मास्तर मामांच्या शिट्टीवर खेळलेले होते आणि त्या शिट्टीचा दरारा त्यांच्या घरात अजून होता. पण निरोगी दात काढायला त्यांनी साफ नकार दिला. आधी बघू तरी द्या, असं म्हणून त्यांनी रंगरावांना खुर्चीत आडवं केलं आणि जीभ वर करायला सांगितली. मग आरसा जिभेखाली धरून त्यांनी पुन्हा एकदा बघितलं.

"काका, इथे जिभेखाली दात आहे."

"ती ज्वारी आहे," रंगराव म्हणाले.

ती ज्वारी नव्हती. खालचा समोरचा दात होता. वाट दाखवणारा कुणी नसल्यामुळे तो हिरडीच्या सरळ रेषेत यायचं सोडून मागच्या अंगाने, जिभेच्या खाली निघाला होता. तिथे दात असू शकतो हे दंतदूताला कुणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून त्याने त्याला धान्य ठरवलं. लहान मुलांतही खालचा दात असा मागून येतो, डॉक्टर म्हणाल्या, आणि बहुतेकदा दुधाचा दात पडला की जीभच त्याला ढकलून पुढे आणते. पण इथे त्याच्या टोकाने जिभेला जखम केली होती. म्हणजे या दाताला उपचार हवा. आधी टोक गुळगुळीत करायचं, मग तार लावून त्याला पुढे रांगेत ओढायचं.

रंगराव खुर्चीत ताडकन उठून बसले. जखमेचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की तो कण पहिल्यांदा कधी दिसला होता. डॉक्टरांनी जुन्या छब्या उघडल्या. कण पहिल्या रविवारी. वरचा दात त्यानंतर नऊ दिवसांनी.

"म्हणजे खालचा आधी आला," रंगराव म्हणाले.

संध्याकाळी डॉ. मुजावर स्वतः छब्या घेऊन मामांकडे आल्या. मुजावर मास्तरांची लेक म्हटल्यावर मामा भिंतीकडून वळले आणि उशीला टेकून बसले. तरी रंगरावांच्या तोंडावर रुमाल होताच. मामांनी चष्मा पुसला, टॅबलेट मांडीवर घेतला आणि एकेक छबी मागेपुढे करून अर्धा तास बघितली. खोलीत चहा गार झाला. शालनताई आणि मामी दाराच्या चौकटीत उभ्या होत्या.

अखेर मामांनी टॅबलेट खाली ठेवला.

"बाद," ते म्हणाले.

का, तर दात रेषेच्या बाहेर आहे. हिरडीची कमान ही सीमारेषा. खेळाडूचा पाय रेषेबाहेर पडला की तो बाद, मग तो कितीही लवकर आलेला असो. हा दात रांगेत यायला किती दिवस लागतील? वर्षभर, डॉक्टर म्हणाल्या. मग वर्षाने तो धरू, मामा म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे वळू लागले.

तेव्हा रंगरावांनी तोंडावरचा रुमाल काढला. पंचापुढे खेळाडूने कसं बोलायचं ते ते विसरले नव्हते. ते पलंगासमोर ताठ उभे राहिले.

"पंच, राखीव क्षेत्राचं काय?"

मामा थांबले. मैदानाच्या दोन्ही कडांना एकेक मीटरची पट्टी असते, तिला राखीव क्षेत्र म्हणतात. एरवी तिच्यात पाय टाकला की बाद. पण चढाई करणारा आणि बचाव करणारा यांचा स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की तीच पट्टी मैदानात धरली जाते. मग तिच्यातला गडी बाद होत नाही.

"झटापट सुरू झाल्यावर राखीव क्षेत्र मैदानात धरायचं, हा नियम आहे का नाही?" रंगराव म्हणाले. "दात आणि जीभ यांची झटापट चालू आहे. डॉक्टरीणबाई, जखम दाखवा."

डॉक्टरांनी जखम दाखवली. रंगरावांनी जीभ वर उचलून धरली. खालचा भाग लाल झाला होता आणि बोलण्याच्या जोरात त्यातून थोडं रक्त आलं होतं. मामा पुढे वाकून बघत राहिले. मग त्यांनी टॅबलेट पुन्हा हातात घेतला, एक छबी पुन्हा बघितली आणि मग भाच्याच्या तोंडाकडे बघितलं.

शेवटी त्यांनी शिट्टी तोंडात धरली. 'फुस्स' झालं. मग त्यांनी हात वर केला.

"दात मैदानात," ते म्हणाले. "खालचा आधी. आन त्या कागदावर सही कुठं करायची ते दावा."

मामी तिथेच उंबऱ्यावर बसून रडल्या. या वेळी कुणी त्यांना थांबवलं नाही.

डॉक्टरांना वाटलं प्रकरण मिटलं. दुसऱ्या दिवशी त्या दाताचं टोक गुळगुळीत करायला बसल्या, तर रंगराव तोंड उघडायला तयार नाहीत. निदान टोकावर मेणाचा गोळा लावू द्या, त्या म्हणाल्या. तेही नाही. मेण लागलं म्हणजे स्पर्श सुटला, झटापट संपली, आणि मामांना पत्ता लागला तर निकाल उलटेल. डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं की ही जखम वाढू शकते. रंगराव म्हणाले, अठ्ठावीस तारखेपर्यंत. डॉक्टरांनी मग रोज जखम बघायची अट घातली आणि एकोणतिसाव्या तारखेची सकाळची वेळ स्वतःच्या हाताने लिहून दिली.

सतरा दिवस रंगरावांनी ताकभात आणि गार दूध यावर काढले. तिखटाचा वास आला तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. बोलणं बोबडं झालं. ते 'दळण' म्हणायचे आणि ऐकणाऱ्याला 'दलन' ऐकू यायचं. लाळ गळणं होतंच. शालनताई तोंडाने 'अवघड बाळ आहे' म्हणायच्या, पण रोज रात्री मिठाच्या कोमट पाण्याचा तांब्या न विसरता उशाशी ठेवायच्या. एकदा त्या चिडून म्हणाल्या, की मामांना काय कळणार आहे मेण लावलं तर. रंगराव म्हणाले, त्यांना नाही कळणार, पण मला कळेल, आणि मग तिकडे काही झालं तर मी काय करू?

अठ्ठाविसाव्या तारखेला साडेतीन तास शस्त्रक्रिया चालली. रंगराव बाहेरच्या खुर्चीत जीभ दातावर टेकवून बसून होते, जरासुद्धा हलवली नाही. झडप बसली, हृदयातून रक्त नीट वाहायला लागलं. संध्याकाळी मामांनी डोळे उघडले आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे भाच्याला खुणेने बोलावून तोंड उघडायला लावलं. दात जागेवर होता. मामा पुन्हा झोपले.

एकोणतिसाव्या तारखेला सकाळी रंगराव तारेला हजर झाले. तार लागली, टोक गेलं, आठ दिवसांत जीभ भरून आली. फक्त जाताना डॉक्टरांनी एक नियम सांगितला: तार निघेपर्यंत, म्हणजे निदान दीड वर्ष, कडक काही चावायचं नाही. ऊस तर मुळीच नाही. दात आहेत तर चणे नाहीत ही म्हण रंगरावांनी आयुष्यभर ऐकली होती, ती आपल्यासाठीच कुणी करून ठेवली होती हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पुढे चार महिन्यांनी, एका रविवारी सकाळी मामा स्वतः रंगरावांच्या घरचा जिना चढून वर आले. धाप लागली नव्हती. मागे मामी, त्यांच्या हातात झाकलेलं पातेलं. मामांच्या खिशातून चांदीची वाटी निघाली.

"बस," मामा खुर्चीत बसून म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

रंगराव म्हणाले, खालचा आधी आलाय, उताऱ्याची गरज काय? मामांनी बायकांना आत जायला सांगितलं. त्या आत गेल्या आणि दाराआड उभ्या राहिल्या.

"त्या छब्यांत तुजी जीभ बी दिसत हुती," मामा म्हणाले. "वरचा दात आला त्या दिवशी जीभ साफ हुती. जखम झाली मागनं. म्हंजे खालचा दात आला तवा झटापट सुरू झालीच नव्हती. तो बादच हुता. मला तवाच दिसलं."

रंगरावांनी विचारलं, "मग निकाल?"

"चुकीचा दिला. चाळीस वर्सांत एकच. जाणूनबुजून." मामांनी वाटीत भात वाढला आणि त्यावर दही घातलं. "तुला आजवर तीनदा बाद दिलं रं. तोंडातनं रगत येत असताना चौथ्यांदा द्यायला जीभ रेटंना. म्हणून हा उतारा राहिलाय. आता डॉक्टरनं वजन उचलायला परवानगी दिलीय. बस."

चौऱ्याऐंशी किलोचा भाचा आधी ताकभाताने आणि मग तारेमुळे चार महिने मऊ खाऊन एकोणऐंशीवर आला होता. रंगराव संकोचून मामांच्या मांडीवर बसले. खुर्ची करकरली, मामांनी दातओठ खाल्ले पण मांडी हलली नाही. पहिला घास तारेत अडकला. दुसरा गेला. तिसऱ्या घासाला रंगरावांना आजीची दुसरी मांडी आठवली.

"उतर आता," मामा म्हणाले. "पाय गेला माजा."

रंगराव उतरले नाहीत. अशी संधी पुन्हा यायची नव्हती. निकाल चुकू शकतो हे आता पंचांनीच कबूल केलं होतं, तेव्हा त्यांनी मामांच्या मांडीवर बसूनच मसूरचा विषय काढला. तिथे आपला पाय रेषेच्या आत होता, तेवढं म्हणा, की लगेच उठतो.

मामांनी क्षणभर विचार केल्यासारखं केलं. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकली. दहा महिन्यांनी पहिल्यांदा ती वाजली, लांबलचक, खालच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागतील इतकी मोठ्याने. दाराआडून मामी धावत बाहेर आल्या.

"बादच हुतास," मामा म्हणाले.

रंगराव निमूट उठले आणि पाया पडले.